खसखशीएवढा पांढरा ठिपका

मासे विकायला लागले तेव्हापासून व्हॉट्सॲपवर मला सगळ्यात जास्त वेळा आलेला मेसेज हा आहे: "मेल आहे ना?" आधी हाय नाही, हॅलो नाही. मी पिल्लांचा फोटो स्टेटसला टाकला की पाचव्या मिनिटाला हा प्रश्न येतो. किंमत नंतर, रंग नंतर, मासा जिवंत पोचेल का हेही नंतर. आधी मेल आहे का ते सांगा.

मी फायटर मासे वाढवते. पुस्तकात त्याला बेटा म्हणतात, शास्त्रीय नाव बेटा स्प्लेंडन्स, ते १९१० मध्ये ठेवलं गेलं. मूळ थायलंडकडचा, तिथं २०१९ पासून तो राष्ट्रीय जलचर आहे. आपल्याकडे मात्र दुकानदारापासून शाळकरी पोरापर्यंत सगळे त्याला फायटरच म्हणतात. प्लास्टिकच्या ग्लासात एकटा बसलेला, शेपटी ओढणीसारखी सोडलेला निळा-लाल मासा तुम्ही पाहिला असेल, तो हाच. आणि तुम्ही पाहिलेला बहुतेक नरच असणार. माद्या काउंटरवर मांडत नाहीत. त्या बुटक्या फिनांच्या, जरा फिकट, साध्या दिसतात. मी सुरू केलं तेव्हा दुकानदार साधा व्हेलटेल नर माझ्याकडून साठ रुपयांना घ्यायचे, मादी पंधराला, तीही "ठेवून जा, बघू" म्हणत.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. मी एमपीएससी करत होते, म्हणजे औरंगपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेत दिवसाला दहा तास बसत होते. अभ्यासिका बंद झाली, परीक्षा पुढे गेली, परत पुढे गेली. दुकानं उघडली तेव्हा मी एक नर आणला. मग त्याला एकटं वाटत असेल म्हणून मादी आणली. (फायटरला एकटं वाटत नाही. त्याला दुसरं कुणी दिसलं तर राग येतो. हे मला नंतर कळलं.) दोन वेळा अंडी बुरशी लागून गेली, एकदा थंडीनं पिल्लं गेली. जमलं ते २०२२ च्या मार्चमध्ये.

ते एकदा बघायला हवं. नर तोंडानं हवा घेतो आणि लाळेत गुंडाळून पाण्याच्या वर एकेक बुडबुडा सोडतो. दोन दिवसांत तळहाताएवढा फेस तयार होतो, ते त्याचं घरटं. मग तो मादीला घरट्याखाली कवेत घेतो, इंग्रजी यू अक्षरासारखा वाकून. क्षणभर दोघं मेल्यासारखे थिजतात, आणि पांढरी अंडी रव्यासारखी खाली पडायला लागतात. नर आधी शुद्धीवर येतो, खाली सूर मारतो, अंडी तोंडात गोळा करून फेसात नेऊन चिकटवतो. असं दोन-तीन तास. सगळं झालं की तो मादीला हाकलतो. तेव्हा तिला लगेच काढावं लागतं, नाहीतर तो तिला फाडतो, किंवा ती अंडी खाते. पुढचं सगळं बाप करतो. दीड-दोन दिवसांत पिल्लं फुटतात, शेपट्या खाली लोंबकळत फेसाला लटकतात, खाली पडलेलं प्रत्येक पिल्लू तो तोंडात धरून परत वर ठेवतो. रात्रभर. पिल्लं आडवी पोहायला लागली की मग त्यालाही काढायचं. आई त्याचं काम बघायला रोज गॅलरीत यायची. एकदा म्हणाली, "तुझ्या बापानं तुम्हाला एकदा तरी असं उचललं का, विचार."

महिन्याभरात एकोणसाठ उरली. दोन टब, जिन्याखालचा एक जुना टँक, आणि किराणा दुकानातून मागून आणलेल्या चॉकलेटच्या रिकाम्या बरण्या. सगळं मागच्या गॅलरीत, ओल्या पोत्याच्या आडोशाला.

आता पाण्याचं सांगते, कारण आमच्या शहरात मासे पाळते म्हटल्यावर लोक आधी हसतात. तेव्हा आमचं शहर कागदावर औरंगाबाद होतं, छत्रपती संभाजीनगर पुढच्या वर्षी झालं. दोन्ही नावांनी नळाला पाणी आठवड्यातून एकदाच. जायकवाडीचं धरण भरलेलं असो की नसो, सिडकोतल्या आमच्या गल्लीत दारात निळे ड्रम ठरलेले. त्या उन्हाळ्यात तर पाण्यासाठी शहरात मोठे मोर्चे निघाले. आणि मी घरात एकोणसाठ माशांचं पाणी बदलत होते. पप्पा वाळूजला कंपनीत जातात. सकाळी बादली भरताना फक्त माझ्याकडे बघायचे, बोलायचे नाहीत. मी बदललेलं पाणी कुंड्यांना आणि संडासाला वापरायचे, थेंब सांडू द्यायचे नाही. ड्रममध्ये साठलेलं पाणी एका अर्थी बरंच असतं, त्यातला क्लोरीन उडून जातो. आणि चार दिवस उघडं राहिलं की त्यात डासाच्या अळ्या होतात, म्हणजे माझ्या पिल्लांचं फुकटचं जेवण. महापालिकेच्या ताई डेंग्यूची तपासणी करायला आल्या, बरण्यांची रांग बघून कपाळाला हात लावला. "एवढं पाणी साठवून ठेवलंय!" मी बरणी उजेडात धरली. मासा दिसल्यावर त्या शांत झाल्या, तरी वहीत काहीतरी लिहून गेल्याच.

तर, नर की मादी.

दीड महिन्यापर्यंत काहीच कळत नाही. सगळी पिल्लं राखाडी, बोटाच्या पेरापेक्षा लहान, अंगावर आडव्या दोन काळ्या रेघा. त्या रेघा घाबरल्याच्या आहेत, त्यात नर-मादी काही नाही, पण इंटरनेटवर त्यावरूनही छातीठोक सांगणारे लोक आहेत. दोन महिन्यांच्या आसपास सगळ्यात पहिली जी खूण शोधतात ती म्हणजे पांढरा ठिपका. पोटाखालच्या दोन बारीक फिनांच्या मागं, जिथून मादी अंडी सोडते तिथं, खसखशीच्या दाण्याएवढा पांढरा बिंदू. तो दिसला की मादी. मी पहिल्यांदा भिंग घेऊन बसले तेव्हा एकोणसाठपैकी चाळीसेक पिल्लांना तो दिसला. मी डोकं धरून बसले. एवढ्या माद्या! हिशोबाची वही बंद केली. पुढच्या पंधरवड्यात त्यातल्या कित्येकांचा ठिपका नाहीसा झाला. लहान नरांनाही तो असतो, किंवा असल्यासारखा दिसतो, आणि वाढता वाढता जातो. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग फिन बघायच्या. नराची पाठीवरची फिन रुंद व्हायला लागते, पोटाखालची लांब फिन मागच्या बाजूला टोकदार, तिरपी वाढते. मादीची कात्रीनं सरळ कापल्यासारखी राहते. पुढच्या दोन दोऱ्यांसारख्या फिना नराच्या जाड आणि लांब होतात. पण हे तब्येतीवर असतं. जो नर टबात दबून राहतो, ज्याला मोठे भाऊ खाऊ देत नाहीत, तो तीन-तीन महिने मादीसारखाच दिसतो. बुटका, फिकट, कोपऱ्यात. आखूड शेपटीच्या प्लाकाट जातीत तर फिनांवरून सांगणं म्हणजे अंदाजपंचे. आरसा दाखवला की नर कल्ल्याची झाकणं फुगवतो आणि त्याखालून काळी झालर बाहेर येते, तिला आम्ही दाढी म्हणतो. मादीही फुगवते, तिलाही झालर असते, फक्त लहान. फुगवून झाल्यावर झाकणाखालून दाढीची कड दिसत राहिली तर तो नर असण्याचा संभव जास्त. अंगावर उभे पट्टे आले तर ती तयार झालेली मादी. पण तोवर ती पोटावरूनच कळायला लागलेली असते.

ज्यांच्याकडून मी पहिला नर आणला ते दुकानदार चाचा याला हसायचे. मी फोटो दाखवायला गेले की चष्मा वर करून म्हणायचे, "अभी से क्या देखते बेटा? होयेंगा तो खुद बतायेंगा."

मला मात्र थांबणं परवडत नव्हतं. नर वेळेत वेगळे केले नाहीत तर ते एकमेकांच्या शेपट्या फाडतात, आणि फाटक्या शेपटीचे साठ रुपये येत नाहीत. सगळ्यांनाच वेगळं ठेवायचं तर बरण्या नाहीत, आणि बरण्या आणल्या तर पाणी नाही. म्हणून मी बरण्यांवर मार्करनं लिहायला सुरुवात केली. न. मा. आणि ज्याचं काहीच ठरेना त्याच्यावर प्रश्नचिन्ह.

आमच्या गल्लीत नववीतला एक मुलगा होता. त्याच्याकडे एक लाल नर होता, दोन वर्षांचा, त्याचं नाव त्यानं ठेवलं होतं पण ते इथं लिहीत नाही, तो मुलगा हे वाचेल. त्याला मादी हवी होती. मी त्याला बरणी नंबर नऊ दिली. ठिपका होता, फिना आखूड, आरसा दाखवला तरी ढिम्म. वीस रुपये घेतले. एकटाच ठेव, आधी बाटलीतून ओळख करून दे, सगळं सांगितलं. त्यानं दोन दिवस बाटलीतून ओळख करून दिली आणि तिसऱ्या रात्री एकत्र सोडलं. मोठ्या टँकमध्ये पोटभर खायला मिळाल्यावर नंबर नऊनं दोन दिवसांत काय दाखवायचं ते दाखवलं असणार. सकाळी तो मुलगा स्टीलच्या पेल्यात त्याचा म्हातारा नर घेऊन आला. एका बाजूचं कल्ल्याचं झाकण नव्हतं. मासा अजून श्वास घेत होता.

"दीदी, ही मादी नाहीये," एवढंच म्हणाला.

मी वीस रुपये परत द्यायला लागले, त्यानं घेतले नाहीत. दुसरा मासा देते म्हटलं, त्यानं मान हलवली. तुम्हाला वाटेल माशाचं काय एवढं. मला चार दिवस गल्लीतून जाताना त्याच्या घराकडे बघवेना.

त्यानंतर मी वाचायला लागले. अभ्यासाची पुस्तकं बाजूला, मोबाईलवर पेपर. आणि वाचल्यावर लक्षात आलं की हे कोडं माझ्या डोळ्यांचं नाही. १९७५ साली लो आणि लार्किन नावाच्या दोघांचा एक अभ्यास छापून आला. फायटरच्या पूर्ण वाढलेल्या माद्यांचं अंडाशय शस्त्रक्रियेनं काढलं, तर त्यातल्या बऱ्याच जणींमध्ये त्या जागी वृषण तयार झालं. फिना लांब वाढल्या, रंग चढला, आणि त्यातल्या काही पुढं पिल्लांचे बाप झाल्या. म्हणजे मादी ही फायटरमध्ये दगडावरची रेघ नाहीच. मग २०२२ मध्येच, माझ्या बरण्या भरल्या त्याच वर्षी, सायन्स ॲडव्हान्सेस या नियतकालिकात फायटरच्या जनुकांवर एक मोठा अभ्यास आला. दुकानात मिळणाऱ्या पाळीव फायटरमध्ये नर-मादी ठरवण्यात डीएमआरटी-वन नावाच्या जनुकाचा मुख्य हात असतो, असं त्यात दाखवलं आहे. पण जंगली फायटरमध्ये तसं दिसलं नाही. माणसानं शेकडो वर्षं निवडून निवडून जोड्या लावल्या, तेव्हा रंग आणि शेपटीबरोबर नर-मादी ठरण्याची रीतसुद्धा बदलत गेली असावी. आणि इतकं होऊनही पाळीव माशांत जनुक बघून शंभर टक्के सांगता येत नाही, मादीचं जनुक घेऊन आलेली काही पिल्लं नर होतातच. मी हे वाचून रात्री दोन वाजता हसले. जनुक तपासूनही जे सांगता येत नाही ते मी नववीतल्या पोराला वीस रुपयांत सांगितलं होतं.

तरी एक पद्धत उरली होती. अंधारात टॉर्च.

फिकट रंगाच्या पिल्लांना ही बऱ्यापैकी लागू पडते. पारदर्शक ग्लासात मासा घ्यायचा, खोली काळोखी करायची, आणि मागून प्रकाश सोडायचा. मासा कंदिलासारखा उजळतो. पाठीचा कणा दिसतो, आतडी काळपट दिसतात, हवेची पिशवी चकाकते. त्या पिशवीच्या खाली, मागच्या बाजूला निमुळता होत गेलेला पिवळसर त्रिकोण दिसला तर ते अंडाशय. नराच्या त्या जागी काही नसतं, प्रकाश आरपार जातो. ठिपक्यापेक्षा, फिनांपेक्षा, दाढीपेक्षा हे जास्त खात्रीचं.

जूनचा पहिला आठवडा. लाईट गेली होती, म्हणजे अंधार आयताच. मी ग्लास धरला होता आणि आईला टॉर्च धरायला बसवलं होतं. आई मूळची बीड जिल्ह्यातली, तिचं सासरही तिकडचंच, पप्पांची नोकरी लागल्यावर आम्ही २००८ मध्ये इथं आलो. ती असल्या कामात मन लावून बसते. मी सांगेल तशी ती टॉर्च वर-खाली करत होती. सात-आठ मासे झाल्यावर तिला माझ्याआधी दिसायला लागलं.

"ही मादी. बग, तिकुनं पिवळं दिसायलंय."

"बरोबर."

"ह्यो नर."

"हो."

वीसेक झाले असतील. ती म्हणाली, "कळल्यावर काय करायलीस?"

"नर बरण्यांत. माद्या त्या टबात. सोमवारी दुकानात नेते."

"माद्या घेतेत का ते?"

चाचा तेव्हा गावाला गेले होते, मी दुसऱ्या एका दुकानात बोलून ठेवलं होतं. "फीडर म्हणून घेतात."

"म्हंजे?"

"मोठे मासे असतात ना, ऑस्कर वगैरे. त्यांना जिवंत खायला लागतं."

मी हे सहज बोलले. ब्रीडिंग करणारे सगळेच बोलतात, त्यात काही विशेष नसतं. आईनं टॉर्च बंद केला. मला वाटलं बॅटरी गेली. मी म्हटलं, "अगं, ग्लासात मासा आहे, लाव ना."

ती म्हणाली, "मला पण असंच बगितलं होतं. खोलीत अंधार करून."

मी काही बोलले नाही. मला कळलं आणि कळलंही नाही.

"तुझ्या पाठीवरची. चौथा लागला होता. तुझी आजी आन आत्या, जीपनं नेलं. डागदर काय बोलला न्हाई, कायदा होता ना. निघताना आजीला म्हणला, बर्फी वाटा." थोडं थांबून म्हणाली, "दोन दिसानं परत नेलं."

पेढे म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी. एवढं सगळ्यांना माहीत असतं.

मी विचारलं, पप्पांना माहीत होतं? ती म्हणाली, "पैसे कुणी दिले मग?" आणि टॉर्च परत लावला. "चल, मासा मरंल. बग ह्यात काय हाये." माझा हात हलत होता, ग्लासातलं पाणी हलत होतं, त्यामुळं त्या माशात काय होतं ते शेवटपर्यंत नीट दिसलं नाही. ती बरणी नंबर सतरा. तिच्यावर मी प्रश्नचिन्ह लिहिलं.

हे मी आईला विचारून लिहिते आहे. तिनं एकच अट घातली, "गावाचं नाव नको टाकू."

आता एक गोष्ट. मी स्पर्धा परीक्षेची मुलगी आहे, मला आकडे पाठ असतात. गर्भलिंग निदानावर बंदी आणणारं पहिलं राज्य कोणतं? महाराष्ट्र, १९८८. देशाचा कायदा? १९९४, सुधारणा २००३. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागं मुली, २०११ ची जनगणना: महाराष्ट्र ८९४. राज्यात सगळ्यात कमी? बीड, ८०७. हा प्रश्न इतक्या वेळा सरावाला यायचा की मी तो वाचायच्या आधी पर्याय टिक करायचे. बीड २००१ मध्ये ८९४ होतं, दहा वर्षांत ८०७ झालं. वहीत मी त्याला हायलाइटरनं पिवळा रंग दिला होता आणि बाजूला लिहिलं होतं, "इम्पॉर्टंट". आईची ती गोष्ट २००५ ची. ती असती तर जनगणनेच्या वेळी सहा वर्षांच्या आतली असती. आम्ही गाव सोडलं नसतं तर त्या आकड्यात बसली असती.

त्या रात्री मी वही उघडली नाही. मी बरण्यांची झाकणं पुसत बसले.

सोमवारी मी दुकानात गेले नाही. याचा अर्थ मी काही मोठं केलं असा घेऊ नका, कारण पुढचा सगळा महिना मी त्या निर्णयाला वैतागलेली होते. तेवीस माद्या. त्या एका टबात ठेवल्या तर त्याही आपसात चावतात, दिसतात शांत पण शांत नसतात. खाणं लागतं, पाणी लागतं, आणि पाण्याचा नंबर शुक्रवारी. नर विकून आलेले पैसे माद्यांच्या खाद्यात चालले होते. मी आईवर एकदा चिडलेसुद्धा. म्हटलं, "तुझ्यामुळं ठेवल्यात, आता तूच सांग काय करू."

तिनं सांगितलं नाही, केलं. पावसाळा लागला होता, महापालिकेच्या ताई परत आल्या होत्या, यावेळी दारोदार गप्पी मासे सोडा म्हणून सांगत होत्या. आईनं त्यांचं ऐकून घेतलं. दुपारी पोळीच्या डब्याएवढ्या पिशव्या भरल्या, प्रत्येकीत थोडं पाणी आणि एक मादी, आणि गल्लीत निघाली. वापरायच्या पाण्याच्या ड्रममध्ये एक-एक. संक्रांतीला वाण वाटावं तशी. "अळ्या खाती. वरून काय टाकू नका. पाणी संपत आलं की बादलीत काढा, मला हाक मारा." कुणी नको म्हणालं नाही. नववीतल्या मुलाच्या घरी ती स्वतः गेली, मला नेलं नाही. येताना पिशवी रिकामी होती.

महिनाभरात तेविसातल्या चौदा ड्रममध्ये गेल्या, पाच चाचांनी परत आल्यावर घेतल्या, ब्रीडिंगसाठी, योग्य भावानं. दोन मेल्या. एक मी ठेवली. आणि एक अशी, जिचं काही ठरेना, नंबर सतरा. टॉर्चमध्ये तिनं पुन्हा दोनदा वेगवेगळं दाखवलं होतं. मला आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं. आईनं तिलाही पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या काकूंकडे सोडलं.

ऑगस्टमध्ये एका सकाळी काकूंचा फोन. मी उचलला. "अगं, तुझ्या आईनं दिलेली पोरगी आहे ना, तिनं ड्रममध्ये फेस केलाय. साबण पडला की काय म्हणून आधी मी ह्यांच्यावर ओरडले."

आम्ही दोघी गेलो. ड्रमच्या कडेला, प्लास्टिकच्या मगाच्या आडोशाला, तळहाताएवढं बुडबुड्यांचं घरटं. खाली नंबर सतरा, चांगला दोन इंच लांब, हिरवट निळा, शेपटी पसरलेली. आमची सावली पडल्यावर त्यानं कल्ले फुगवून दाढी दाखवली. घरट्यात काही नव्हतं, असणार कुठून. तरी तो एकेक बुडबुडा वर नेऊन लावत होता.

काकू म्हणाल्या, "हा नर निघाला म्हणजे महागाचा ना? परत नेताय का?"

मी मनात साठ रुपये धरले. आई ड्रमवर वाकली होती. पदराचं टोक पाण्यात भिजलं तरी तिनं ते उचललं नाही.

"राहू द्या," ती म्हणाली. "मग तेवढा हलवू नका."